कोपऱ्यातला डबा ओरडतो तेव्हा

नकाशेबाई रागावली आहे की नाही, हे तिच्या कार्यालयात कुणालाच कधी कळलं नाही. नवव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. बोलणं तेवढं मागे राहिलं. पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो केवढा मोठा निघतो याचा तिला पत्ता नसे, आणि ‘चहा घेतलात का?’ हे ती अशा आवाजात विचारी की समोरचा दचकून दोन पावलं मागे सरके. माणसं म्हणत, बाई भारी तापट. लोकांच्या ओठांवर हे पुन्हापुन्हा वाचल्यावर तिनेही एक दिवस ठरवून टाकलं की नाव झालंच आहे, तर आता खुशाल तापायला हरकत नाही.

ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोरचा तोंड दाखवून बोलला की तिला निम्म्याहून अधिक कळे आणि उरलेलं ती अंदाजाने भरून काढी. अडचण अशी, की कान असलेल्या माणसांना तोंड दाखवून बोलायचं भानच नसतं. ती कपाटात डोकं घालून बोलतात, पाठ फिरवून बोलतात, मिशीआडून बोलतात आणि मग म्हणतात, बाईंना काही सांगायची सोय नाही.

काम मात्र तिला असं मिळालं होतं की कानांची गरजच नव्हती. नकाशा कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर एक लांबलचक खोली होती. सहा टेबलं, सहा संगणक, उत्तरेकडून भरपूर उजेड देणाऱ्या उंच खिडक्या. दिवसा दिवे लागत नसत आणि नकाशांचे पातळ कागद उडतात म्हणून पंख्याला कायमची बंदी होती. कापडावर चिकटवलेले जुने नकाशे संगणकात घ्यायचे, आणि त्यातली एकेक हद्द, एकेक विहीर, एकेक गल्ली माउसने गिरवून पक्की करायची. तिचे वडील मोजणीदारांच्या हाताखाली जमीन मोजायची साखळी धरायचे काम करत. ताप गेल्यावर शाळेत बसवेना, तेव्हा ते तिला बरोबर शेतात नेत आणि संध्याकाळी कागदावर दाखवत की आज आपण इथून इथवर चाललो. तेव्हापासून नकाशा ही एकच गोष्ट तिच्याशी सरळ तोंड करून बोलत आली होती. दोन कागदांच्या शिवणीवर रेघ केसभर सरकलेली असली तरी तिला ती खुपायची, आणि अशा सरकलेल्या रेघा तिने दोन वर्षांत चाळीसच्या वर शोधून दिल्या होत्या. त्याबद्दल तिला कधी कुणी शाबासकीचा कागद दिला नाही. कागद मिळाले ते दोन मेमो.

ते कसे मिळाले ते सांगतो, म्हणजे तुमचंही रक्त थोडं तापेल.

खोलीच्या कोपऱ्यात कमरेएवढा उंच यूपीएस होता. वीज गेली की हा डबा आपल्या पोटातल्या बॅटऱ्यांवर सहाही संगणक पंचवीस मिनिटं चालवी, आणि ती पंचवीस मिनिटं दर चार सेकंदांनी टीं करून ओरडे. ओरडण्याचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. काम आवरा, फाईल सेव्ह करा, संगणक बंद करा. ते संगणक इतके म्हातारे होते की एक नकाशा सेव्ह व्हायला चार मिनिटं लागत, आणि सेव्ह न करता किंवा त्या चार मिनिटांत संगणकाचा जीव गेला तर अख्खी फाईल फुटायची. पुन्हा उघडायची नाही. मग मागच्या शनिवारी अण्णांनी काढून ठेवलेली प्रत घ्यायची आणि आठवडाभराचं गिरवणं पहिल्यापासून गिरवायचं.

अण्णा म्हणजे खोलीतले सगळ्यांत जुने. त्यांचं टेबल खिडकीशी, आणि बाईचं टेबल डब्याशी. ती रुजू झाली तेव्हा त्या टेबलाजवळ बसायला कुणी तयार नव्हतं, कारण डबा कानाशी ओरडायचा. अण्णांनी हसत हसत तोड काढली, “बाईंना द्या की. त्यांना काय त्रास!” सगळे हसले. तीही हसली, नवी होती म्हणून.

तर वीज जायची, डबा तिच्या पाठीशी बोंबलायचा, पाच जण फायली सेव्ह करून चहाला जायचे आणि ती एकटी गिरवत बसायची. समोरचा पडदा तर चालूच होता, उजेड खिडकीतून येत होता, तिला कळायचं कशावरून? पाठीमागे कुणी नाही हे तिच्या लक्षात यायचं तेव्हा पडदा काळा झालेला असायचा. पहिल्या वेळी फाईल फुटली तेव्हा साहेबांनी मेमो दिला, आणि त्यात शब्द होता ‘निष्काळजीपणा’. ती अण्णांकडे गेली आणि म्हणाली, वीज गेली की माझ्या खांद्यावर नुसतं एक बोट लावा. अण्णा म्हणाले, हो हो, त्यात काय. एकदा त्यांनी बोट लावलं. दुसऱ्यांदा विसरले.

मग तिने घरून हातभर आरसा आणून टेबलावर उभा केला. डब्यावर एक बारका दिवा होता, वीज असताना हिरवा आणि गेली की पिवळा. आरशात तो दिसे. आठ दिवस बरं चाललं. नवव्या दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं, कार्यालयात नट्टापट्टा नको, खोलीतून तक्रार आहे. तिने समजावून सांगितलं, तर तिच्या आवाजाने साहेबच मागे सरकले आणि म्हणाले, आधी शांत व्हा. आरसा घरी गेला. तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, नकाशा क्रमांक एकेचाळीस सेव्ह होता होता फुटला.

“एवढा मोठ्याने ओरडतो तो डबा,” साहेब म्हणाले, “कळत कसं नाही तुम्हाला?”

म्हणाले, आणि मग काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं. पण तोंडातून गेलेलं परत घ्यायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी मेमोच लिहिला. तोच शब्द. आणि खाली एक ओळ जास्त, की पुन्हा असं झाल्यास आपली टपाल विभागात बदली करण्यात येईल. टपाल विभाग तळमजल्यावर होता. तिथे पाकिटं चिकटवायची असत.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला पाकिटांची लाज नव्हती. पण ज्या एका कामात तिला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं ते काम जाणार होतं, आणि जाणार होतं ते इतरांच्या विसराळूपणापायी. खापर मात्र तिच्यावर.

सोमवारी ती टेबलाखाली शिरली आणि ज्या डब्याने तिचं वाटोळं केलं होतं त्याला चारी बाजूंनी बघून घेतलं. मागच्या अंगाला एक छोटं भोक होतं आणि त्यावर कारखान्यातली चिकटपट्टी अजून तशीच. शेजारी चित्र होतं, एक संगणक आणि त्याला जोडलेली वायर. ती उठली, भांडारातलं कपाट उघडायला लावलं आणि यूपीएस आला त्या दिवसाचं खोकं शोधून काढलं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत वायर होती, सॉफ्टवेअरची तबकडी होती आणि बारीक अक्षरांची पुस्तिका होती. पिशवीला कुणाचं नखही लागलेलं नव्हतं. म्हणजे डबा इतकी वर्षं संगणकाशी बोलायला एका पायावर तयार होता. वीज गेली, इतकी मिनिटं उरली, बॅटरी थकली, सगळं पडद्यावर लिहून दाखवायला तयार होता. त्याला फक्त कुणी जोडलंच नव्हतं, कारण बाकीच्यांचं ओरडण्यावर भागत होतं.

ती वायर हातात घेऊन तशीच साहेबांच्या खोलीत गेली. काय बोलली ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. मंगळवारी बॅटरीवाला आला.

बॅटरीवाला पाठीवर पिशवी अडकवून आला आणि सरळ अण्णांपाशी जाऊन उभा राहिला. “ह्यांना ऐकू येत नाही ना?” त्याने बाईकडे बोट दाखवत विचारलं.

“ह्यांना विचारा की,” ती म्हणाली, “ह्या इथेच बसल्यात.”

तो दचकला. तिने त्याला आपल्यासमोर उभं केलं आणि सावकाश सांगितलं, “वीज गेली की मला कळली पाहिजे. एवढंच.” त्याने मान डोलावली. चिकटपट्टी काढली, वायर डब्यातून तिच्या संगणकाला जोडली, सॉफ्टवेअर चढवलं, दहा मिनिटं माउस इकडेतिकडे फिरवला आणि ऐटीत जाऊन डब्याचा भिंतीतला प्लग उपटला.

पाचही जणांनी एकदम कानांवर हात ठेवले. अण्णा तर खुर्चीतून अर्धे उठले. ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावर तिचा नकाशा होता, बाकी काही नव्हतं. बॅटरीवाल्याने अंगठा वर करून दाखवला, आणि तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही असं बघून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, ‘आता दुप्पट आवाज! संगणकातून पण भोंगा!’

तिने तो कागद चार तुकड्यांत फाडला आणि त्याच्याच शर्टाच्या खिशात घातला.

“अहो, पण सगळीकडे मी हेच टाकतो,” तो अण्णांना म्हणत होता. “सॉफ्टवेअरमध्ये जे पहिलं येतं ते. आजवर कुणाची तक्रार नाही.” ओठ तिला कडेने दिसत होते. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जिन्यापर्यंत पोचवलं, आणि तो गेला. भोंगा मात्र ठेवून गेला.

त्या संध्याकाळी दिवेलागणीलाच तिच्या घराची वीज गेली. घरात भाऊ आणि वहिनी. तिच्याकरता अंधाराचा अर्थ वेगळा होता. इतरांचे दिवे जात, तिचे दिवे जात आणि ओठही जात. त्यामुळे या घरात फार वर्षांची एक रीत होती. वीज गेली की जो जवळ असेल त्याने तिचा हात हातात घ्यायचा आणि तळव्यावर बोटाने अक्षरं काढायची. वहिनीचं बोट लगेच आलं. ‘वीज गेली.’

“मला दिसतंय की,” ती खेकसली. “अंधार मला कळतो. दर वेळी हे कशाला लिहितेस?”

‘दिसणं वेगळं,’ वहिनीने लिहिलं. ‘कुणी सांगणं वेगळं.’

मग बाईने अंधारातच सगळं ओकून टाकलं. भोंगा, कागद, अंगठा, टपाल विभाग. भाऊ पलीकडून काहीतरी म्हणाला असावा, कारण वहिनीचं बोट पुन्हा हललं. ‘तुमचे दादा म्हणतात, चार दिवस शांत राहा.’ बोट जरा थांबलं आणि खाली आणखी दोन शब्द आले. ‘राहू नका.’

वीज आली तेव्हा दोघी पुस्तिका घेऊन बसल्या. वहिनीने चष्मा चढवला. अक्षर मुंगीएवढं, भाषा सरकारी नोटिशीसारखी, पण एकतिसाव्या पानावर दोघींची बोटं एकदमच टेकली. इशारा कसा द्यायचा याचे चार प्रकार तिथे दिले होते. आवाज हा त्यातला फक्त पहिला होता.

“पहिल्यावरच थांबला मेला,” वहिनी म्हणाली. “पुढचं पान उलटायला हात दुखत होते का त्याचे? वन्सं, उद्या लवकर जा आणि तुम्हीच करा.”

बुधवारी ती अर्धा तास आधी गेली. सॉफ्टवेअरचा पासवर्ड पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलेला होता आणि बॅटरीवाल्याने तो बदलण्याचे कष्ट घेतले नव्हते. तिने एकेक खिडकी उघडली. वीज गेल्यावर पडद्यावर संदेश दाखवायचा का? हो. केवढा? सगळ्यात मोठा. आपोआप नाहीसा व्हावा का? नाही, ‘समजलं’ असं बटण दाबेपर्यंत हलायचं नाही. उरलेली मिनिटं दाखवायची का? दाखवा. बॅटरी पाच मिनिटांवर आली की हा संगणक स्वतःहून नीट बंद व्हावा का? व्हावा.

सर्वांत शेवटी एक छोटा चौकोन होता. ‘हा संदेश खोलीतल्या इतर संगणकांनाही पाठवायचा का?’

माउस त्या चौकोनावर बराच वेळ थांबला. तिला आरसा आठवला. ‘त्यांना काय त्रास’ आठवलं. चहाला गेलेल्या पाच रिकाम्या खुर्च्या आठवल्या. त्यांना आवाज येतो ना, म्हणाली ती मनात, मग ऐका. चौकोन तिने मोकळा ठेवला. चुकून राहिला असं कुणी समजू नये; तिने तो ठरवून मोकळा ठेवला.

मग जाऊन प्लग उपटला. पडद्याच्या मधोमध लाल चौकटीत मोठ्या अक्षरांत उमटलं, ‘वीज गेली आहे. पंचवीस मिनिटं शिल्लक.’ तिने ते तीनदा वाचलं. दोन वर्षांत या खोलीत तिला हे कुणीतरी पहिल्यांदाच इतक्या सरळपणे सांगत होतं, आणि ते एका डब्याने सांगावं याचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दिवशी दुपारी वीज दोनदा गेली आणि आली. दोन्ही वेळा कोपऱ्यातून डबा आणि संगणकातून भोंगा अशी जुगलबंदी झाली. तिने आपली फाईल वेळेत सेव्ह केली, पण अण्णांचं डोकं उठलं. गुरुवारी सकाळी ते कपाळ धरून तिच्या टेबलाशी आले, आणि गरज त्यांची असल्यामुळे चक्क तोंडासमोर तोंड आणून बोलले.

“बाई, ते ओरडणं बंद होतं का हो तुमच्या त्या यंत्रातून?”

“होतं.”

“मग करा ना. डोक्यात घण घातल्यासारखं होतं.”

“भोंगा की डबा?”

“दोन्ही. दोन्ही बंद करा.”

“नक्की? मग वीज गेलेली कशी कळणार?”

“कळेल की,” अण्णा म्हणाले. “वीज गेलेली काय, कळतेच.”

तिने दोन्ही आवाजांसमोरच्या बरोबरच्या खुणा काढल्या. खोलीत सगळ्यांना बरं वाटलं. एकाने तर तिच्या टेबलावर चहा आणून ठेवला. आपल्याला आजवर कशावरून कळत होतं याचा विचार पाचांतल्या एकानेही केला नाही, कारण कान असले की तो कधी करावाच लागत नाही.

शुक्रवारी अकरा बावन्नला तिच्या पडद्यावर लाल चौकट आली. अकरा त्रेपन्नला तिने ‘समजलं’ दाबलं आणि एकेचाळीस क्रमांक सेव्हला लावला. चार मिनिटांत तो सुखरूप सेव्ह झाला. तिने हात मांडीवर ठेवले आणि खुर्ची फिरवली.

पाच पाठी वाकलेल्या होत्या. कुणालाही पत्ता नव्हता. पडदे चालू, उजेड खिडकीतून, सगळं कसं छान. अण्णांची मान हलत होती, म्हणजे ते गुणगुणत असावेत. शुक्रवार होता. आठवड्याचं काम सगळ्यांच्या फायलींत साठलेलं होतं आणि प्रत उद्या निघणार होती. वीस मिनिटं शिल्लक. आता कळू दे, ती मनात म्हणत होती. एकदा कळू दे, पडदा काळा होतो म्हणजे काय ते. अठरा. तिला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. चौदा. अकरा.

नऊवर तिची नजर अण्णांच्या पडद्यावर गेली. बेचाळीस क्रमांक होता, तिच्या नकाशाला लागून असलेला. तिची ओढ्याकाठची रेघ जिथे संपे तिथून त्यांची सुरू होत होती, आणि आठवडाभर खपून अण्णांनी ती रेघ अगदी बरोबर जुळवली होती, केसभरही न सरकवता. माणसांवरचा राग तिला झेपत होता. पण ती रेघ पुसली जाणार हे तिला बघवेना. ती उठली.

“वीज गेलीय,” ती म्हणाली, तिच्या नेहमीच्या आवाजात. पाचही जण दचकले. “सोळा मिनिटं झाली. नऊ उरलीत. सेव्ह करा.”

चौघांनी वळून डब्याकडे पाहिलं. पिवळा दिवा दिसताच त्यांचे हात माउसवर पडले. अण्णा मात्र हसले.

“अहो बाई, आवाज कुठे आला?”

“आवाज बंद आहे. तुम्हीच सांगितलंत.”

“गेली असती तर कळलं असतं मला.”

“दिवा बघा, अण्णा. पिवळा आहे.”

“दिव्याचं काय, खराबही होतो. थांबा, खाली विचारून येतो.” आणि ते खरोखर जिना उतरून गेले, तळमजल्यावरचा मोठा स्विच बघायला. एका बहिऱ्या बाईचं ऐकून संगणक बंद करायचा म्हणजे काय! परत आले ते धापा टाकत आणि पांढरेफटक पडलेले. सेव्हचं बटण त्यांनी दाबलं तेव्हा तीन मिनिटं उरली होती. सहाही जण त्यांच्या पडद्यावरची सरकणारी पट्टी बघत उभे राहिले. ती पाऊण भागाच्या पुढे गेली आणि पडदा काळा झाला.

वीज आल्यावर फाईल उघडून पाहिली. फुटली होती.

साहेब आले तेव्हा त्यांच्या हातात मेमोचं पुस्तक होतंच. “आवाज कुणी बंद केला?”

“मी,” ती म्हणाली. “अण्णांच्या सांगण्यावरून. आणि ह्या सगळ्यांसमोर.”

“मग वीज गेलेली ह्यांना कळणार कशी होती?”

“तेच,” ती म्हणाली. “आज पाच जणांना वीज गेलेली कळली नाही. निष्काळजीपणाचे पाच मेमो काढा साहेब. मग माझा तिसरा काढा. मी घेईन.”

साहेबांनी मेमोचं पुस्तक टेबलावर ठेवलं. ते तिच्या संगणकाशी जाऊन बसले. सॉफ्टवेअर स्वतःची नोंद ठेवतं, हे त्यांना बॅटरीवाल्याने सांगितलेलं होतं. त्यांनी ती खिडकी उघडली आणि बोट ठेवून वाचलं. वीज गेली, अकरा बावन्न. संदेश दाखवला, अकरा बावन्न. ‘समजलं’ दाबलं, अकरा त्रेपन्न. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“तुम्हाला अकरा त्रेपन्नला कळलं होतं.”

“हो.”

“ह्यांना तुम्ही बारा वाजून गेल्यावर सांगितलंत. माहीत असून गप्प बसलात?”

“बसले,” ती म्हणाली. तिचा आवाज त्या वेळी किती मोठा होता ते तिला माहीत नाही. “पंधरा मिनिटं बसले. तुम्ही सगळे दोन वर्षं बसलात.”

मग अण्णांनी खाली कळफलकाकडे बघत काहीतरी म्हटलं.

“इकडे तोंड करून बोला,” ती म्हणाली.

अण्णांनी मान वर केली. आठवडा गेला होता त्यांचा, चेहरा उतरला होता. “आरशाची तक्रार मी केली होती,” ते म्हणाले. “चकाकी डोळ्यांवर यायची. तो कशाला ठेवलाय ते मी विचारलंच नाही.”

साहेबांनी मेमोचं पुस्तक बगलेत मारलं. आधीचे दोन मेमो आणून द्या, फाईलमधून काढून टाकू, असं ते म्हणाले, आणि या वेळी तोंड समोर ठेवून म्हणाले.

“काढून टाकू नका,” ती म्हणाली. “त्या शब्दावर तुमच्या हाताने काट मारा आणि मला परत द्या.”

साहेब गेल्यावर ती खुर्चीवर बसली. राग गेला नव्हता, आणि तो इतक्यात जाईल असंही तिला वाटत नव्हतं. खिडकीशी अण्णा जुनी प्रत उघडून बेचाळीस क्रमांकाची पहिली रेघ गिरवायला लागले होते. तिने आवाजासमोरच्या खुणा परत लावल्या, भोंग्याची सोडून. मग शेवटची खिडकी उघडली आणि त्या मोकळ्या चौकोनातही खूण केली. त्याबरोबर खाली नवी जागा उघडली. इतरांना पाठवायचा संदेश काय असावा, हे सॉफ्टवेअर विचारत होतं.

तिने डाव्या हाताचा तळवा क्षणभर पाहिला आणि टाइप केलं, ‘वीज गेली आहे. शेजारच्याला सांगा.’